छताआडची नोंद

डोंबिवलीला फ्लॅट घेऊ या, असं मेघना चार वर्षं म्हणत होती आणि मी चार वर्षं नाही म्हणत होतो. शेवटी ती म्हणाली, "बरं, लालबागलाच मरायचं असेल तर निदान डोक्यावर धड छत तरी असू दे." बायकोचं एक ऐकलं नाही की दुसरं ऐकावं लागतं. म्हणून आम्ही पीओपीचं सीलिंग करायला काढलं.

आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, एकामागे एक. दोन्हींना प्लायचं छत होतं, तेही अप्पांनी स्वतःच्या हाताने ठोकलेलं. अप्पा म्हणजे माझे वडील, गुणाजी. मिलमध्ये ते वायरमन होते. मिल बंद पडली, पण त्यांच्यातला वायरमन काही बंद पडला नाही. घरातली एकूण एक वायर त्यांनी ओढलेली आणि एकूण एक जॉइंट प्लायच्या वर लपवलेला. भिंतीवर डबे दिसले की घर मिलच्या खात्यासारखं दिसतं, असं आईचं म्हणणं होतं, आणि आईपुढे त्यांचं काही चालत नसे.

इलेक्ट्रिशियन हितेंद्र परळचा. बाहेरच्या खोलीचं प्लाय उतरवल्यावर तो वर बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दादा, हे असं चालणार नाय," तो म्हणाला. "जॉइंट, फ्यूज छताच्या आड पॅक करता येत नाय. उद्या एखादा जळला तर काय, नवीन सीलिंग फोडणार? सगळं खाली घेतो. दाराच्या बाजूला एकच बोर्ड. वरून फक्त वायर जाईल."

"घे," मी म्हणालो.

अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. ते एकोणऐंशीचे. हल्ली दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन चहाबद्दल. ते म्हणाले, "आतल्या खोलीतलो रवान दे. बेलचो फ्यूज आसा तो. तसोच बंद कर."

"काका, तुम्ही स्वतः वायरमन, आणि तुम्हीच सांगता पॅक कर?" हितेंद्र हसला.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी खुर्ची उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली.

ही बेल दाराची नव्हे. आईला, शेवंतीला, पक्षाघात झाला तेव्हा तिची वाचा गेली. आतल्या खोलीत पडून ती हाक मारू शकत नव्हती, म्हणून अप्पांनी तिच्या उजव्या हाताशी एक बटण बसवलं आणि बाहेरच्या खोलीत बेल. पाणी हवं असलं की एकदा, कूस बदलायची असली की दोनदा. घुसमटायला लागलं की नुसतं दाबून धरायचं. तीन वर्षं आमचं घर त्या टिंगटाँगवर चाललं.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं. मेघना ड्यूटीवर होती. अप्पांना मंडळाने लाइटिंगसाठी खाली बोलावून नेलं. मी घरी होतो. म्हणजे घरी होतो असं म्हणायचं. ढोल सुरू झाले तसा मी गॅलरीत गेलो आणि पाऊण तास कठड्याला टेकून मिरवणूक बघत उभा राहिलो. सहा वाजता मेघना आली, आत गेली आणि तिने मला हाक मारली. आईचा अंगठा बटणावरच होता.

तिसऱ्या दिवशी माझी बहीण अपेक्षा सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, बेल वाजली नाही?"

"ढोल होते," मी म्हणालो.

"मी विचारलं, वाजली की नाही."

तेव्हा अप्पा उठले, आत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. बेल खणखणीत वाजली. ते परत येऊन बसले. अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं आणि मग कुणाकडेच पाहिलं नाही. कार्य उरकल्यावर ती ठाण्याला गेली ती परत या घरात आलेली नाही. दिवाळीला तिचा मेसेज येतो, सगळ्यांना पाठवलेला असतो तसा.

म्हणजे बेल वाजली होती आणि मी ऐकली नव्हती. हे एकदा पक्कं झाल्यावर माझ्या आत काहीतरी थंड पडलं. मी रडलो नाही, कुणाशी भांडलो नाही, कामावरही वेळेवर जात होतो. फक्त डोंबिवलीचा विषय निघाला की नाही म्हणायचो. एकीला मी गॅलरीतून मरू दिलं होतं. अप्पा काही लालबाग सोडणार नव्हते, आणि या दुसऱ्याला टाकून जायचं तोंड मला नव्हतं. मेघनाला हे मी कधी सांगितलं नाही. तिला वाटतं मला लालबाग सुटत नाही. मला काय लालबागचं पडलंय?

मंगळवारी आतल्या खोलीचं प्लाय उतरलं. हितेंद्र लाकडी घोड्यावर चढून टॉर्च मारत होता.

"दादा, जरा वर या. इथे कायतरी लिवलंय."

मी चढलो. तुळईवर पोर्सेलिनचा एक जुना फ्यूज होता आणि त्याच्या शेजारी, लाकडावरच, पेन्सिलने बारीक अक्षरात ओळी. अक्षर अप्पांचं. तारीख, बंद किती वाजता, चालू किती वाजता, खाली सही.

ही मिलची शिस्त. ज्याने फ्यूज काढला त्याने तिथेच वेळ लिहायची आणि सही करायची, नाहीतर दुसरा कुणी येऊन फ्यूज खोचायचा आणि लाइनवर हात असलेला माणूस जायचा. मी लहान असताना अप्पा हे मला सांगायचे. पण घरात दुसरा वायरमन कुठे होता? तरी ते इथेही लिहीत आले होते. बेल बसवली तो दिवस. तिचं बटण बदललं तो दिवस. 'बंद ११.००, चालू ११.२५. गुणाजी.' पंधरा-वीस ओळी असतील.

शेवटची ओळ अशी होती: '२० ऑगस्ट. बंद ४.१०. कारण, बेल घुरघुरते. २१ ऑगस्ट. चालू ६.२०. गुणाजी.'

वीस ऑगस्ट म्हणजे आई गेली तो दिवस. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फ्यूज काढला, तेवढ्यात मंडळाची पोरं हाक मारायला आली असणार, आणि ते खाली निघून गेले. आईने बटण दाबलं तेव्हा त्या वायरीत काहीच नव्हतं. मी गॅलरीत असतो काय आणि बेलखाली मांडी घालून बसलो असतो काय, मला ती ऐकू आली नसती. आणि एकवीस तारखेला पहाटे, बायका बाहेरच्या खोलीत बसलेल्या असताना, अप्पा तांब्याची कळशी काढायला म्हणून आतल्या खोलीच्या माळ्यावर चढले होते; तिथली प्लायची फळी सरकवली की हा फ्यूज हाताशी यायचा. मीच त्यांना खालून शिडी धरली होती.

"काय लिवलंय?" हितेंद्रने विचारलं.

"वेळा आहेत," मी म्हणालो.

मला हलकं वाटायला हवं होतं, किंवा राग यायला हवा होता. दोन्हीपैकी काही आलं नाही. मी मोबाइलवर फोटो काढला, घोड्यावरून उतरलो, जिन्यात गेलो आणि तो फोटो अपेक्षाला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन आला. चार वर्षांत पहिला.

"हा फोटो कशाला पाठवलास?" ती म्हणाली.

"बेल बंद होती, अपेक्षा. अप्पांनी फ्यूज काढला होता."

"माहितेय मला."

"कसं?"

"दहाव्याला सांगितलं त्यांनी मला. घाटावरून येताना. म्हणून तर येत नाही मी. त्यांच्यासमोर बसून चहा प्यायला नाही जमत मला." मग तिने विचारलं, "दादा, तुला नाही सांगितलं?"

"नाही."

"एका घरात राहता ना रे तुम्ही? मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू त्यांना माफ केलंयस. मला तुझाही राग यायचा. म्हटलं, हा कसला माणूस, ह्याला काहीच कसं वाटत नाही."

मी फोन ठेवला. खालून वर येणाऱ्या दळवीकाकू म्हणाल्या, "सीलिंग झालं का रे?" मी म्हणालो, "होतंय."

गॅलरीत अप्पा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्याजवळ कठड्याला टेकून उभा राहिलो. घोडा सरकवल्याचा आवाज आतून आला तसे ते समजले असावेत. त्यांनी विचारलं, "गावलो?"

"गावला."

ते गुडघे चोळायला लागले.

"अपेक्षाला सांगितलंत," मी म्हणालो. "चांगलं केलंत. पण ती मला दोष देत होती तेव्हा तुम्ही बेल वाजवून दाखवलीत. आणि मग चार वर्षं माझ्या हातचं जेवलात. मला का नाही सांगितलंत, अप्पा?"

"ती आपल्या घराक जातली होती," ते म्हणाले. "तिका सांगूक भय नव्हता."

"आणि मला?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. एखाद्या जॉइंटला करंट आहे का हे विचारावं इतक्या सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "तुका सांगला असता, तर तू माझ्याबरोबर हय रवलो असतस?"

चार वर्षांत मी या माणसाला आंघोळ घातली होती, दवाखान्यात नेलं होतं, रात्री उठून त्याचा श्वास चालतो का ते बघितलं होतं. त्यातलं काही त्याच्यासाठी नव्हतंच. ते सगळं मी आईला देत होतो, आणि तो ते घेत होता. आता खोटं बोललो असतो तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मला थकवा आला होता.

"नाही," मी म्हणालो.

अप्पांनी मान हलवली.

"म्हणान नाय सांगलंय," ते म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.