आधी पाणी, मग चौकशी

बस डेपोतल्या ‘हरवले-सापडले’ खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला सगळे ‘नियमबुवा’ म्हणत. छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर कुणाची तरी कवळीसुद्धा! सापडलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवून ते तिला फडताळात जागा देत. मात्र नियमात न बसणाऱ्या गोष्टीला बोटही लावत नसत. “उगाच आपल्या अंगावर यायचं!” हे त्यांचं पालुपद. खरं सांगा, तुमच्या-आमच्याही तोंडी ते असतंच की!

त्या दिवशी अकराच्या सुमारास उघड्या खिडकीतून एक कबुतर आत घुसलं, फडताळावर आपटलं आणि खाली छत्र्यांच्या ढिगाशी बसून राहिलं. चोच उघडी, पंख लोंबलेले, पायात नंबर कोरलेलं कडं. पाळलेलं, वाट चुकलेलं पाखरू होतं ते.

नियमबुवांनी वाकून पाहिलं. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. जिवंत वस्तूचा उल्लेखच नव्हता! मग फोनाफोनी सुरू झाली.

जनावरांच्या दवाखान्यातून उत्तर आलं, “आजारी असेल तर घेऊन या. हरवलेलं असेल तर पालिकेला विचारा.”

पालिकेचा माणूस म्हणाला, “मेलंय का? मेलं असेल तर गाडी पाठवतो.”

“अहो, अजून जिवंत आहे!”

“मग मेल्यावर कळवा.”

नियमबुवांनी फोन आपटला. खोलीत चार फेऱ्या मारल्या, पुन्हा वाकून पाहिलं. पाखराचे डोळे मिटत चालले होते. काय करावं? कुणाला सांगावं?

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या मावशी आत आल्या. एक नजर टाकली, आपल्या डब्याचं झाकण धुतलं आणि त्यात पाणी घेऊन आल्या.

“थांबा मावशी! काही बरंवाईट झालं तर म्हणतील, तुम्हीच पाजलंत.”

“आणि तहानेनं मेलं तर काय म्हणतील?”

“ते मग... आपल्यावर येत नाही.”

मावशी झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“साहेब, रागावू नका, पण बोलते. मागच्या वर्षी तुमचे वडील वाट चुकले. दुपारभर उन्हात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होते. घर आठवेना, नाव सांगता येईना. पुढ्यातून शेकडो माणसं गेली. मी दवाखान्यात बघायला आले, तेव्हा तुम्ही ढसाढसा रडत होतात. काय म्हणाला होतात?”

नियमबुवांनी टेबलावरचं नियमांचं पुस्तक मिटलं.

“म्हणाला होतात, ‘इतक्यांनी पाहिलं, पण एकालाही घोटभर पाणी द्यावंसं वाटलं नाही!’ साहेब, ती माणसं काही राक्षस नव्हती. त्यांनाही एवढंच वाटलं असेल, उगाच आपल्या अंगावर यायला नको!”

 त्या दुपारपासून नियमबुवा त्या रस्त्यावरच्या लोकांना शिव्याशाप देत आले होते. अरेरे! आणि आज आपण स्वतः कोण झालो होतो?

“द्या इकडे,” म्हणत त्यांनी झाकण घेतलं आणि गुडघ्यांवर बसून पाखराची मान धरायला गेले.

“चोचीत ओतू नका, ठसका लागेल. पुढ्यात ठेवा आणि मागे सरा.”

ते मागे सरले. एक क्षण गेला, दुसरा गेला. पाखरू हलेना.  आणि एकदम त्यानं चोच पाण्यात बुडवली आणि मान वर न करता घटाघटा पिऊ लागलं!

त्यांनी खिशातला बिस्किटाचा पुडा काढला. मावशींनी तो परत खिशात घालायला लावला आणि उपाहारगृहातून मूठभर कच्चे तांदूळ आणि मसूर आणले.

कड्यावरचा नंबर फोनचाच आहे, हे आता कुठे नियमबुवांच्या लक्षात आलं; त्यांनी तो लावला. तो निघाला दूरच्या गावातल्या एका लोहाराचा.

“पाणी प्यालं का हो?” त्यानं पहिलं हेच विचारलं. “सहा दिवस गच्चीवर डोळे लावून बसलोय! दोन दिवस खाऊपिऊ घाला, मग सोडा. तहानेनं थकून उतरलं असेल, वाट ठाऊक आहे त्याला.”

दोन दिवस पाखरू खोक्यात राहिलं. तिसऱ्या सकाळी नियमबुवांनी त्याला डेपोच्या गच्चीवरून सोडलं. दोन घिरट्या, आणि दिसेनासं झालं. पण त्या दिवशी त्यांचं कामात लक्ष लागेल तर शपथ! ससाण्यानं गाठलं असेल का? पुन्हा चुकलं असेल का? दर पाच मिनिटांनी फोनकडे नजर जाई. दुपारी तीनला तो वाजला.

“पोचलं हो, पोचलं!” लोहार ओरडत होता. नियमबुवांनी बातमी सांगायला मावशींना हाक मारली.

महिन्याभरानं खिडकीशी एक बाई आल्या. सोबतची माणसं गर्दीत चुकलेली, फोन त्यांच्याचकडे राहिलेला. घाबरून शब्द फुटत नव्हता. नियमबुवांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उठून आपली खुर्ची त्यांच्यासाठी बाहेर नेली आणि पेलाभर पाणी हातात दिलं.

“आधी प्या, ताई. मग निवांत सांगा. आपण शोधू त्यांना.”

मंडळी, दारी आलेला जीव कुणाचा, कुठला, जबाबदारी कुणाची, हे प्रश्न खुशाल विचारावेत. पण तहान उत्तरांसाठी थांबत नाही. ‘कुणीतरी बघेल’ असं प्रत्येकानं म्हटलं की बघणारा कुणीच उरत नाही. म्हणून पहिला पेला आपण भरावा!