रश्मीची डावखुरी कात्री

मित्रांनो, माझं एक पातं आता गंजानं खाल्लं आहे आणि मधला स्क्रू ढिला झाला आहे. तरी ओळख सांगते. मी कात्री आहे, आणि तीही डावखुरी. धसईच्या बाजारात शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या नथूने मला लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलं, कारण त्याची मुलगी रश्मी सगळं डाव्या हाताने करायची. माझी पाती उलटी बसवली आहेत. उजव्या हातात मी कागद कापत नाही, नुसती चावते.

रश्मी नववीत असताना सिद्धगडाच्या पायथ्याची एक वाडी वणव्यात जळाली. थंडीत तिथल्या पोरांना पांघरूण हवं म्हणून रश्मी आणि तिच्या मैत्रिणी रेश्मा, गिरजा यांनी नवीन वर्षाची भेटकार्डं करून विकायचं ठरवलं. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद त्यांनी घरोघरी फिरून जमवला. रेश्मा रंग भरायची, गिरजा शुभेच्छा लिहायची आणि रश्मी माझ्याकडून कार्डात उडता कोतवाल पक्षी कापायची. कार्ड उन्हात धरलं की पक्षी उजळायचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "असं कार्ड मुंबईतही मिळायचं नाही!" मी फार फुशारले होते.

भातकापणी आली. भाऱ्याखाली दडलेला साप रश्मीला चावला. मुरबाडच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

पुढे कितीतरी दिवस मी रेश्माच्या घरी, कार्डांच्या डब्यात पडून होते. मग एका सकाळी रेश्मा आणि गिरजा पडवीत पुन्हा बसल्या. रेश्माने मला उचललं. कागद चुरगळला, फाटला.

"नाय गो कापत ही," ती रडू लागली. "आपल्याला नाय जमायचं."

कोरी कार्डं आणि मी, दोन्ही डब्यात ठेवून त्या उठल्या.

दुपारी घरची सगळी खळ्यावर होती. अंगणात कोंबडंही हलत नव्हतं. डब्याचं झाकण हळूच सरकलं आणि माझ्या कड्यांत बोटं आली. ती बोटं मी ओळखत होते. फक्त त्यांना ऊब नव्हती आणि भारही नव्हता. पडवीत कोणी दिसत नव्हतं. कागदाचे कपटे तेवढे जमिनीवर पडत होते.

संध्याकाळी रेश्माने डबा पाहिला. प्रत्येक कार्डात कोतवाल होता. "तू कापलेस?" गिरजाने विचारलं. रेश्माने नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी कोरी कार्डं डब्यात ठेवली, तर दुपारी पुन्हा तेच घडलं. रेश्माची आई सकुबाई घाबरली. "ती कात्री नदीत टाकून ये. आजच!"

नदीच्या वाटेवर रश्मीचं घर लागलं. तिथे रेश्माचे पाय थांबले. तिने रश्मीच्या आईला, चिमाबाईला, सगळं सांगितलं. चिमाबाईने मला हातात घेतलं.

"भूत-बित आमी मानत नाय," ती म्हणाली. मग तिने माझ्या कड्यांवरून बोट फिरवलं. "पण ती माजी पोर हाय. उरलेली कार्डं आन इथं."

त्या दुपारी ती दार लोटून माझ्यासमोर बसली. ती गार बोटं आली. पातं उघडलं, मिटलं. चिमाबाई जागची उठली नाही.

"रश्मी, बाय, हात दुकतील तुजे," ती हलकेच म्हणाली. "बस आता. राहिलेलं मी कापतं."

तिने आपला डावा हात पुढे केला. क्षणभर माझ्या कड्यांत दोन हात होते, एक गार आणि एक तापलेला. मग एकच राहिला. चिमाबाईचा पहिला पक्षी वेडावाकडा झाला, दुसऱ्याची शेपटी तुटली. ती कापत राहिली, आणि डोळे पुसायला उजवा हात वापरत राहिली.

बाजाराच्या दिवशी वाकड्या पक्ष्यांची कार्डंही खपली. पौषाच्या थंडीत दोघी मैत्रिणी आणि चिमाबाई त्या जळालेल्या वाडीवर गेल्या. चिमाबाईने स्वतःच्या हाताने एकेका पोराच्या अंगावर ब्लँकेट घातलं.

आता कार्डं कोणी करत नाही. मोबाइलवर शुभेच्छा जातात आणि मी चिमाबाईच्या घरी फळीवर गंजत पडले आहे. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू भीतीने फेकून देऊ नका. तिला थेंबभर तेल द्या, आणि त्या माणसाचं काही अर्धवट राहिलं असेल तर ते पुरं करा. चिमाबाईने कापायला घेतलं, त्या दिवसानंतर ती गार बोटं कधी आली नाहीत. तेव्हा ती आली की मी थरथरायचे. आता सगळी शेतावर गेली आणि घर सुनं झालं, की मी त्यांची वाट पाहते.