तितिना आत्याचा मोठा पलंग

लोरेदाना आणि फुल्वियो वेगळे झाले तेव्हा तोरीनोत त्यांच्या ओळखीच्या कुणालाच फारसं नवल वाटलं नाही. कारण मात्र कुणाला सांगता येईना. भांडण झालं नव्हतं, तिसरं माणूस आलं नव्हतं. फुल्वियो ट्राम चालवायचा. त्याने कामाच्या डेपोजवळ दोन खोल्या घेतल्या. लोरेदाना चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती मुलांबरोबर जुन्या घरातच राहिली. गुरुवारी संध्याकाळी तो मुलांना घ्यायला यायचा आणि जिना चढून आला की दाराशीच उभा राहायचा.

ईस्टरच्या सुट्टीत मुलं कधी त्याच्याकडे, कधी तिच्याकडे. त्या वर्षी पाळी लोरेदानाची होती. तिच्या मनात नेहमीसारखं गार्दाचं तळं होतं. पण अकरा वर्षांच्या अन्येझेने जेवताना काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला नेपल्सला जायचंय."

"तिथे काय आहे?"

"आजोबांचं गाव आहे. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आजोबा दक्षिणेतून कारखान्यात कामाला आलेले. सगळी सुट्टीत तिकडे जाऊन येतात. मीच एकटी राहिलेय."

"ज्वालामुखी!" सहा वर्षांचा निकोलो ओरडला. त्याला एवढंच ठाऊक होतं.

लोरेदाना फ्लोरेन्सच्या खाली कधी गेली नव्हती. तिची आई पिएरा तोरीनोची, तिच्याही आधीच्या चार पिढ्या तोरीनोच्याच. जावयाचं स्कोन्यामिल्यो हे आडनाव तिला लग्नापासून आजवर नीट उच्चारता आलं नव्हतं, किंवा उच्चारायचंच नव्हतं. बेत कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "नेपल्स? लहान मुलं घेऊन? अगं, पायातले मोजे काढून नेतील आणि बूट परत चढवून देतील. तुला कळणारसुद्धा नाही."

"आई, तू गेलीयेस का कधी?"

"जायला कशाला पाहिजे?"

या बोलण्यानंतरच लोरेदानाचं जायचं नक्की झालं असावं. राहायचं कुठे, कुठल्या वस्तीत, मुलांना घेऊन काय बघायचं, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. विचारण्याजोगा माणूस एकच होता. पुढच्या गुरुवारी तिने फुल्वियोला आत बोलावून कॉफी दिली. टेबलावर नकाशा पसरला होता. अन्येझेने त्यावर जमिनीखालची भुयारं, किल्ला, तळलेल्या पिझ्झाची गल्ली असं सगळं लाल पेनाने ठळक करून ठेवलं होतं.

फुल्वियो बराच वेळ नकाशा बघत बसला. तो लहानपणी तिथे जायचा. वडील वारल्यापासून गेला नव्हता. "हॉटेल कशाला?" तो म्हणाला. "तिथल्या सानिता वस्तीत आत्या आहे ना. तिला हॉटेलचं कळलं तर ती मला जिवंत ठेवणार नाही."

तितिना आत्या त्याच्या वडिलांची बहीण. बिनलग्नाची, ऐंशीच्या घरातली, चौथ्या मजल्यावर एकटी राहणारी. फुल्वियो दर रविवारी तिला फोन करायचा. त्याने तिथेच टेबलावर फोन ठेवून तिला लावला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"कोण? फुल्वियो? आज काय रविवार आहे? कोण मेलं?"

"कुणी नाही गं आत्या. ईस्टरला मुलं येणार आहेत तुझ्याकडे."

पलीकडून आधी एक किंकाळी आली. मग ती कुणाला तरी खिडकीतून ही बातमी ओरडून सांगत असल्याचं ऐकू आलं. परत आली ती बोलतच. "पोरांना आतली खोली. मोठा पलंग तुम्हा दोघांना, तुझ्या आजीचा आहे तो, नवी गादी घातलीय. मी स्वयंपाकघरात पडेन. ईस्टरची गोड पास्तिएरा गुरुवारीच भाजून ठेवते, मुरली की चव येते. सूनबाई कुठाय? बरी आहे ना?"

"बरी आहे," फुल्वियो म्हणाला. मग म्हणाला, "पण मी नाही येत, आत्या. कामावर आहे."

"का? ट्राम तुझ्याशिवाय रस्ता चुकते? रुळावरून चालते ना ती?"

निकोलो खदखदून हसला. लोरेदाना हसली नाही. ती फुल्वियोकडे बघत होती आणि तो नकाशाकडे. तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोन वर्षं दर रविवारी आत्या हेच विचारत होती, सूनबाई बरी आहे ना, आणि तो बरी आहे म्हणत होता. खोटंही नव्हतं ते.

ती टेबलाकडे वाकली. "आत्या, मी लोरेदाना. आम्ही दोन वर्षांपासून वेगळे राहतो. तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं होतं. पलंगाचा घोळ नको म्हणून सांगते."

पलीकडे एक स्कूटर जोरात गेली. कुणी तरी ओरडून आर्टिचोकची भाजी विकत होता. मग आत्याचा आवाज आला.

"फुल्वियो, ऐकतोयस?"

"हो, आत्या."

"मग नुसतं ऐक. सूनबाई, तू पोरांना घेऊन ये. पलंग मोठा आहे, तू आणि मी झोपू. मी घोरते, आत्ताच सांगते." आणि फोन बंद झाला.

"तू सांगायला नको होतंस," फुल्वियो म्हणाला.

"मग कुणी सांगायचं होतं? पलंगाने?"

तो जिना उतरून गेला. मुलांना न्यायचंही विसरला. खालून परत आला तेव्हा निकोलो कोट घालून दारात उभा होता, पण अन्येझे तिच्या खोलीतून निघेना. लोरेदाना आत गेली. मुलगी पलंगावर पाठ करून पडली होती.

"बाबा येतील असं वाटलं होतं का तुला?"

"वाटलं नव्हतं," अन्येझे म्हणाली. "हवं होतं."

लोरेदाना पलंगाच्या कडेला बसली. मग मुलीनेच विचारलं, "जायचं ना तरी?"

"जायचं."

त्यानंतर आत्या रोज लोरेदानालाच फोन करू लागली. दुकानात गिऱ्हाईक समोर असतानासुद्धा. धाकटा काय खात नाही? वांगं. माझ्याकडे खाईल. ज्वालामुखी किती वाजता पेटतो, असं निकोलोने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "झोपलाय तो. आणि तू वर जाशील तेव्हा पाय हळू टाक बरं." त्या दिवसापासून निकोलो घरात चवड्यांवर चालण्याचा सराव करू लागला. पिएराचं म्हणणं वेगळंच होतं. "सोडलेल्या नवऱ्याच्या आत्याकडे पाहुणचार! इटलीतली हॉटेलं बुडाली का सगळी?" पण निघायच्या आदल्या दिवशी ती आत्यासाठी चॉकलेटचा भला मोठा डबा घेऊन आली. "रिकाम्या हाताने गेलात तर आपल्यालाच नावं ठेवतील," म्हणाली.

फुल्वियो स्टेशनवर सोडायला आला. त्याने बॅगा वर चढवल्या आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला.

नेपल्सला पाऊस होता आणि भुयारं नेमकी बंद होती. निकोलोने वांगं खाल्लं नाही. आत्या खरोखरच घोरायची. पण सकाळी बाजारात जाताना ती लोरेदानाचा दंड धरून चालायची आणि प्रत्येक दुकानापाशी थांबून सांगायची, "ही आमची सून, तोरीनोहून आलीय."

"आणि पुतण्या?" मासेवालीने विचारलं.

"तो राहू दे. मला हिला बघायचं होतं."

लोरेदानाने तिला दुरुस्त केलं नाही. अन्येझेनेही नाही. ती तोपर्यंत गल्लीतल्या मुलींबरोबर भटकायला लागली होती आणि त्यांच्यासारखी शब्दांचे शेवट गिळून बोलू लागली होती.

ऑगस्टमध्ये आत्याने फुल्वियोला बोलावून घेतलं. एकट्याला. पहिल्या दिवशी ती त्याच्याशी बोललीच नाही, ताटात मात्र वाढत राहिली. दुसऱ्या दिवशी तो गॅलरीचा कठडा रंगवत असताना तिने मागून विचारलं, "काय झालं होतं रे?"

फुल्वियो रंगवत राहिला. मग म्हणाला की बाबा गेल्यावर त्याचं बोलणंच बंद झालं. घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. लोरेदाना विचारायची, वर्षभर विचारत होती. मग तिने विचारणं सोडलं.

"हे तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतोस?"

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, मुलं आत तयार होत असताना, त्याने दारात उभं राहून लोरेदानाला हे सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. "त्या वर्षी मला वाटायचं, माझंच काही तरी चुकतंय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस."

ती दोघं पुन्हा एकत्र आली नाहीत. पण त्या दिवशी निकोलोचा एक बूट सापडत नव्हता, आणि तो शोधायला फुल्वियोही आत आला.