आउनेच्या छपराच्या शेवटच्या दोन पट्ट्या

आउनेच्या घराचं छप्पर वर्षभर अर्धवट पडून होतं. मोभावर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, पत्र्याच्या दोन पट्ट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. त्या लावतानाच तिचा नवरा तैस्तो वरून पडून मेला होता. या जूनमध्ये तैस्तोचा धाकटा भाऊ ओलावी आणि शेजारचा रेइनो काम पुरं करायला आले. सकाळपासून आधीचे पत्रे ठाकठीक करताना दोघांची जुंपली होती.

"अरे, स्क्रू इतका आवळू नकोस! खालचं रबर चेपलं की पाणी आत आलंच म्हणून समज," रेइनो ओरडला.

"तू मला शिकवतोस? तुझा वाकडा गेलेला पत्रा काढून पुन्हा बसवला कोणी?"

पत्रा कसा बसवावा यावर तीन तास वाद झाला. वर चढणाऱ्याने स्वतःला दोर बांधावा, यावर मात्र अवाक्षर निघालं नाही. आमच्याकडे दोर बांधणारा भित्रा ठरतो, आणि काम मोभाला पोचल्यावर दारू न पाजणारं घर कंजूष ठरतं. पेले रिकामे करून माणसं पुन्हा वर चढतात. कोणी पडलंच, तर पाद्री त्याला अपघात म्हणतात.

दुपारी दोघे खाली उतरले. ओलावी अंगणातूनच ओरडला, "वहिनी, मोभापर्यंत आलो! दारूचं तबक कुठंय? की कोरडंच ठेवताय आम्हाला?"

आउने स्वयंपाकघरात उभी होती. गेल्या वर्षी हेच तबक तिने हसत हसत बाहेर नेलं होतं. तैस्तोला दुसरा पेला तिनेच आग्रहाने दिला होता. तेव्हापासून तिला रडू येत नव्हतं. कॉफी गरम आहे की गार, हेसुद्धा तिला कळत नसे.

ती तबक घेऊन बाहेर आली. त्यात दोन दोर होते आणि कमरेला बांधायचे दोन पट्टे.

"हे काय, आउने? लोक हसतील," रेइनो म्हणाला.

"हसू देत. बांधून चढा. नाहीतर राहू दे तसंच, गळेल तिथे मी बादली ठेवीन."

"वहिनी, आम्ही काय कुकुली बाळं आहोत?"

"तैस्तोही नव्हते, भावजी."

रेइनो तबकाजवळ आला.

"तिसरा पेला मी दिला होता," रेइनो हळूच म्हणाला, आणि त्याने पट्टा उचलला. ओलावीने रस्त्यावर कोणी बघत नाही ना ते पाहिलं, मग दुसरा पट्टा घेतला.

दोर मोभापलीकडे टाकून घरामागच्या बर्चच्या झाडाच्या बुंध्याला बांधले. आउनेने दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. दोराने तळहात सोलला, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखलं.

संध्याकाळी दोघेही शिडीवरून उतरले. गावात अजून बरीच छपरं व्हायची आहेत, आणि तबक तर घराघरात आहे; त्यात काय ठेवायचं, एवढंच ठरवायचं आहे.