बटण पडलं, धाकटा नव्हता

मी एक जुना सिनेमाचा प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. थिएटरच्या वरच्या केबिनमध्ये उभा आहे, म्हणजे खरं तर अडकलोय. मला वर चढवलं तेव्हा केबिनची मागची भिंत बांधायची राहिली होती. नंतर ती बांधली, तिला एवढंसं दार ठेवलं, आणि मी कायमचा आत. यंत्रालाही कधीतरी बाहेर जावं लागेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही दोघं होतो, मी आणि धाकटा. माझं रीळ संपलं की पुढचं धाकटा दाखवायचा, त्याचं संपलं की मी. आमच्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणत. ते रिळाच्या शेवटाकडे शर्टाचं एक बटण खोचून ठेवत. बटण टिणकन पत्र्यावर पडलं, की मामा हातातला घास टाकून दुसरं यंत्र सुरू करत. खाली कुणाला पत्ताही लागत नसे. मी बिघडायचोही, खोटं कशाला बोलू? फिल्म तुटली की खाली शिट्ट्या आणि मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार. मग मामा मला एक चापट मारत, "अंगात आलं का रे तुझ्या?" म्हणत आणि फिल्म चिकटवून मोकळे होत. त्या चापटीची मला फार आठवण येते.

मग काळी पेटी आली, डिजिटल प्रोजेक्टर. रीळ नाही, खरखर नाही. चित्र स्वच्छ, हे मान्य केलंच पाहिजे. मामा घरी बसले आणि त्यांची लेक पेटी चालवू लागली. माझ्यासमोरच्या झरोक्यावर फळी ठोकली. जन्मभर पडदा पाहिला आणि आता फळीकडे बघत दिवस काढा! धाकट्याला तर माझ्यादेखत कटरने कापलं आणि त्याचे तुकडे दारातून नेले.

आज माझी पाळी होती. कटरवाला जिन्यात बसून खेळ संपायची वाट बघत होता. निरोप घ्यायला मामा आले होते. आणि नेमकी पेटी अडून बसली. दर सिनेमाला कंपनीकडून तिचं कुलूप उघडणारा कोड यावा लागतो, तो आलाच नव्हता. खाली नुसती बोंबाबोंब.

"अगं, उघडून बघ ना तिला," मामा म्हणाले.

"हात लावायची परवानगी नाही, बाबा. मी नुसती राखणदार आहे इथे." लेक रडवेली झाली.

एका जुन्या विनोदी सिनेमाची शेवटची दोन रिळं केबिनमध्ये तशीच पडून होती. मामांनी त्यांवरची धूळ झटकली. "काढ ती फळी!"

लेकीने फळी उचकटली. अहाहा, पडदा दिसला! मामांनी डब्यात उरलेल्या, माझ्या दिव्याच्या कार्बनच्या कांड्या पेटवल्या, स्वतःच्या शर्टाचं बटण तोडून रिळात खोचलं आणि मी चाललो. आवाज काही येईना, पण पडद्यावरच्या जाड्या न्हाव्याची फजिती बघून लोक पोट धरून हसू लागले. मालक धावत वर आले आणि दारातच थबकले. "राहू दे हे मशीन," ते म्हणाले.

टिणकन बटण पडलं. मामा शेवटचं रीळ घेऊन सवयीने उजवीकडे वळले. तिथे जमिनीत नुसते बोल्ट होते. मामा रीळ पोटाशी धरून उभेच राहिले. खाली पडदा पांढराफटक.

"दुसरं मशीन कुठाय?" मालकांनी विचारलं.

"तुम्हीच विकलंत," लेक म्हणाली.

तेवढ्यात कोड आला आणि पेटी सुरू झाली. कटरवाला परत गेला. मी अजून आतच आहे, पण फळी कुणी पुन्हा ठोकली नाही.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण ते अडलं तर तुम्हाला उघडता येईल का, एवढं विचारून घ्या. आणि जुनं बाहेर काढायचंच झालं, तर त्याचे तुकडे करू नका, भिंत फोडा. भिंत पुन्हा बांधता येते. धाकटा काही परत आला नाही.