नसलेल्या लिफ्टची सुरक्षितता

प्रोफेसरांना विभागात सगळे पाठीमागे 'सिद्धोबा' म्हणत. प्रोग्रॅम चालवून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. तो बरोबर आहे हे गणितानं सिद्ध करावं, म्हणजे झोप शांत लागते, असं त्यांचं मत होतं. त्यांना ती लागतही असे, अगदी मीटिंगमध्येसुद्धा.

त्या दिवशी लिफ्ट कंपनीचे इंजिनिअर आपला प्रोग्रॅम तपासून घ्यायला आले होते. भावाचं कौतुक बघायला प्रोफेसरांच्या थोरल्या ताईही पुढची खुर्ची धरून बसल्या होत्या. पडद्यावर विधान झळकलं: दार उघडं असताना लिफ्ट हलणार नाही. प्रोफेसरांनी बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत उत्तर आलं: सिद्ध.

"सोमवारी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये हाच प्रोग्रॅम टाकतो," इंजिनिअर खूश होऊन म्हणाले.

"लहानपणापासून हुशारच आहे तो," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या संगणकावर बसलेल्या सहकारी मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, उत्तर जरा जास्तच लवकर आलं. म्हणून मी उलटं विधान देऊन बघितलं. दार उघडं असताना लिफ्ट हलते. तेही सिद्ध झालं."

"तुम्हीच काहीतरी चुकीचं टाइप केलं असेल!" प्रोफेसर सगळ्यांदेखत खेकसले. "ऊठसूट शंका!"

मॅडमनी मुकाट्यानं गृहीतकं पडद्यावर आणली. एका ओळीत दाराचा संकेत शून्य म्हणजे दार बंद, दुसरीत शून्य म्हणजे दार उघडं. म्हणजे दार एकाच वेळी बंदही आणि उघडंही! अशी लिफ्ट असूच शकत नाही, आणि नसलेल्या लिफ्टबद्दल म्हणाल ते सिद्ध होतं. त्या ओळींना प्रोफेसरांखेरीज कुणाला हात लावायची परवानगी नव्हती.

प्रोफेसरांचे कान तापले. इंजिनिअरना यातलं अक्षरही कळलं नव्हतं. ते बॅग आवरत होते. गप्प बसलं असतं तर चालून गेलं असतं. लिफ्टही चालून गेली असती, दार उघडं टाकून.

"थांबा," प्रोफेसर म्हणाले. "हे बसवू नका."

"का? सिद्ध झालं ना?"

"झालं. पण जी लिफ्ट नाहीच, तिच्याबद्दल. चूक माझी आहे."

"म्हणजे नापास झालास की काय रे?" ताईंनी विचारलं.

"हो, ताई."

"मग या बाईंवर कशाला ओरडलास?"

प्रोफेसरांनी मॅडमकडे पाहिलं. त्यांना अवघडायला नको म्हणून मॅडमनी नजर पडद्याकडे वळवली, आणि प्रोफेसरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.