भुवनेश्वरीचं श्रुतलेखन

पाच महिन्यांपूर्वी ऋतुराज मोहोळहून सोलापुरात आला, तेव्हा वर्षभरात शाळेचं सोनं करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पदवी झाली की तरुणांनी एक वर्ष अडचणीतल्या शाळांना द्यायचं, अशा एका योजनेत त्याची निवड झाली होती. अंगात निळा टी-शर्ट, पाठीला सॅक, हातात टॅब. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेच्या या शाळेला खोल्या चार आणि बाई दोनच, त्यामुळं पाचवीचं मराठी आल्या आल्या त्याच्या गळ्यात पडलं. पोरं त्याला सर म्हणायची. त्याला ते आवडायचं, आणि तेविसाव्या वर्षी कुणाला आवडणार नाही!

प्रशिक्षणातली एक गोष्ट त्यानं फारच मनावर घेतली होती. शिक्षकानं एका जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, वर्गभर फिरत शिकवायचं. श्रुतलेखन घेतानाही तो बाकांमधून येरझारा घालायचा. शब्द सांगत पुढं जायचा, वळायचा, सांगत मागं जायचा. सगळा वर्ग माना खाली घालून लिहायचा. भुवनेश्वरी मात्र मान वर करून त्याच्याकडंच बघत बसायची.

दहातले चारच शब्द तिच्या वहीत उतरायचे, तेही शेजारणीच्या वहीत डोकावून. एकदा त्यानं पकडलं आणि तिला खिडकीशी एकटीला बसवलं. मग चाराचे दोन झाले. फळ्यावरची गणितं मात्र ती चटाचट सोडवायची, पुस्तक दिलं तर वाचायची. म्हणजे डोकं होतं, मग अंगात मुरलेला आळस म्हणायचा की काय? ऋतुराजनं टॅबवर तिच्या नावापुढं लिहिलं, ‘क्षमता आहे, इच्छा नाही.’ हे वाक्य त्याला एवढं जमल्यासारखं वाटलं की त्यानं ते दोनदा वाचलं.

फेब्रुवारीत मुख्याध्यापिका रेश्माबाईंनी त्याला बाजूला घेतलं. “भुवनेश्वरीच्या घरी जाऊन ये. पाचवी झाली की तिला शाळेतून काढायचं म्हणतोय तिचा बाप. आईबरोबर टॉवेल शिवायला बसवणार. आई अडून बसली आहे. सर काय म्हणतील ते आपण ऐकू, असं तिनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलंय.”

म्हणजे एका पोरीची शाळा आता ऋतुराजच्या शब्दावर होती. जबाबदारीनं त्याची छाती थोडी फुगली, हे सांगायलाच हवं.

शनिवारी दुपारी तो पोचला. पत्र्याचा लांबोडका कारखाना, आत आठ यंत्रमाग, आणि मागच्या खोलीत या कुटुंबाचा संसार. भुवनेश्वरीचा बाप महेश्वर मूळचा वळसंगचा, वीस वर्षं माग चालवत होता. आत पाऊल टाकलं आणि ऋतुराजच्या कानठळ्या बसल्या. आठ माग एका वेळी धडधडत होते. समोर चंद्रव्वा, भुवनेश्वरीची आई, टॉवेलांच्या ढिगाशी बसून काहीतरी बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, पण कानात एक अक्षर शिरत नव्हतं.

“काय?” ऋतुराज ओरडला. परत ओरडला. चंद्रव्वा तोंडाला पदर लावून हसली.

भुवनेश्वरी त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “आई म्हणती, बसा, च्या टाकते!”

मग हेच सुरू झालं. आई वीस फुटांवरून ओठ हलवायची, पोरगी सरांच्या कानात ओरडून सांगायची. त्या टोकाला बापानं नुसतं तोंड हलवलं की ही सुताच्या कांड्यांची पेटी उचलून पळायची. एकही शब्द चुकत नव्हता. ऋतुराज बघत राहिला, आणि त्याला रागच आला. एवढ्या गोंगाटात हिला सगळं कळतंय, आणि शांत वर्गात दहा शब्द लिहायला जिवावर येतंय!

महेश्वर हात पुसत आला. चंद्रव्वाही उठून आली. तिनं पोरीकडं बोट केलं, छातीवर हात ठेवला आणि शाळेच्या दिशेला खूण केली. डोळे ऋतुराजच्या तोंडावर. म्हणजे, तिचं मन हाय का शाळंत?

ओरडून सांगायचा त्याला कंटाळा आला होता. त्यानं नकारार्थी मान हलवली.

तिथं बोलणं असंच चालतं. मान हलली की विषय संपला. महेश्वरनं बायकोकडं बघून हात झटकला. भुवनेश्वरीनंही पाहिलं होतं. ती वळली, भिंतीकडं तोंड करून बसली आणि टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

तेवढ्यात लाईट गेली. माग थडथडत बंद पडले. ऋतुराजला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

“भुवना, हिकडं ये गं,” चंद्रव्वा म्हणाली.

भुवनेश्वरी घड्या घालत राहिली.

“रुसली,” महेश्वर म्हणाला. “आता दोन दिस असंच चालणार.”

“भुवना!” चंद्रव्वानं मोठ्यानं हाक मारली. पोरीची पाठ हलत होती, ती रडत होती. सरांची, नवऱ्याची, कुणाचीच भीड न धरता आई बोलून गेली, “बरं, जा बाई शाळंला. न्हाय काढत नाव. तुझी शप्पत, न्हाय काढत!”

एवढं ऐकून ती पोर धावत येऊन आईच्या गळ्यात पडायला हवी होती. तिनं डोळे पुसले, टॉवेल झटकला आणि आणखी एक घडी घातली.

पोरीला जवळ घ्यायला पुढं केलेला चंद्रव्वाचा हात हवेतच राहिला. महेश्वर दोन पावलं पुढं गेला आणि पोरीच्या पाठीशी, अगदी डोक्यामागं, त्यानं टाळी वाजवली. तिची मान वळली नाही.

ऋतुराजला आपला वर्ग आठवला. बाकांमधून फिरणारा तो, पाठमोरा, शब्द सांगत जाणारा. पुढं आला की ओठ दिसायचे, वळला की गेले. तिला मिळायचे ते दोनच शब्द. उरलेले शोधायला ती शेजारणीकडं बघायची, तर त्यानं तीही वाट बंद केली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“तिला ऐकू कमी येतं,” तो म्हणाला. “माझ्या लक्षात यायला हवं होतं.”

“आमच्या तर यायलाच पायजे होतं की,” महेश्वर म्हणाला. “पर हितं सगळे तोंडाकडं बघूनच बोलत्यात, सर. मलाबी कमीच येतंय आता. पोरीचं कुणाच्या ध्यानात येणार? सोमवारीच कानाच्या डाक्टरला दावतो.”

चंद्रव्वा तोवर पोरीच्या पुढ्यात जाऊन बसली होती. तिनं तिची हनुवटी वर केली आणि मघाचेच शब्द पुन्हा सांगितले. सवयीनं आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले.

भुवनेश्वरीनं ते वाचले. तिनं आईकडं पाहिलं, मग ऋतुराजकडं.

“पर सरांनी तर मान हलवली की.”

ऋतुराज पुढं झाला, तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि सावकाश म्हणाला, “सर चुकले.”

ती त्याच्या ओठांकडं बघत होती.

“व्हय,” ती म्हणाली. “लई चुकले.”